क्रियापद कोणाचे ऐकते? लहान मुलांना वाक्यरचना खेळांतून शिकवताना

ज्यांच्या घरी मराठी बोलली जाते अशी मुले पहिलीत येतात तेव्हा मराठीचे व्याकरण बरोबर घेऊनच येतात. 'मोठी आंबा पडलं' असे सहा वर्षांचे मूल चुकूनही म्हणत नाही; आंबा म्हटला की 'मोठा' आणि 'पडला' हे त्याच्या तोंडून आपोआप येते. तेच मूल चौथीत गेले की विशेषणाची व्याख्या न अडखळता म्हणून दाखवते, आणि समोरच्या वाक्यात विशेषण कोणते असे विचारल्यावर फळ्याकडे पाहत राहते. मधल्या तीन वर्षांत आपण त्याला संज्ञा दिलेल्या असतात, पण तोंडात असलेल्या भाषेशी त्यांची गाठ घालून दिलेली नसते. ती गाठ खेळांतून उत्तम बसते, असा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. पहिल्यांदाच वर्ग हाती घेणाऱ्या शिक्षकांसाठी, आणि परदेशांत सुट्टीच्या दिवशी मराठी शाळा चालवणाऱ्या पालकांसाठीही, तो येथे क्रमाने मांडत आहे.

मराठी वाक्याचा एक स्वभाव आधी ध्यानात घ्यावा, कारण पुढचे सगळे खेळ त्यावरच उभे आहेत. या भाषेत एक शब्द बदलला की त्याचे शेजारी बदलतात, आणि पुष्कळदा दूर उभे असलेले क्रियापदही बदलते. चेंडू हरवला, टोपी हरवली, दप्तर हरवलं. हे फळ्यावर रेघा मारून दाखवता येते. पण मूल स्वतःच शब्द होऊन उभे राहिले आणि शेजाऱ्याने कार्ड बदलल्याबरोबर त्यालाही आपले कार्ड बदलावे लागले, की ते पुन्हा सांगावे लागत नाही. म्हणून कोणताही खेळ निवडताना एवढेच तपासा, की यात मुलाला वाक्य बोलावे, हलवावे किंवा बदलावे लागते का. चिठ्ठी उचलून 'नाम' किंवा 'क्रियापद' असे ओरडण्यापुरताच खेळ असेल, तर ती तोंडी परीक्षा झाली. मुले हसतील, पण वाक्य करायला शिकणार नाहीत.

पहिली पायरी : एक आठवडा नुसते ऐका

खेळ सुरू करण्यापूर्वी एक आठवडा खिशात लहान वही ठेवा आणि मुले मधल्या सुट्टीत, रांगेत, भांडताना जशी बोलतात तशी वाक्ये टिपून घ्या. हे काम कंटाळवाणे वाटले तरी टाळू नका, कारण कोणता खेळ आधी घ्यायचा हे याच वहीतून ठरते. महाराष्ट्रात 2020 च्या कायद्यानुसार सर्व मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणे सक्तीचे झाले, त्यामुळे घरी हिंदी, उर्दू, गुजराती किंवा तेलुगू बोलणारी कितीतरी मुले आता मराठीच्या तासाला बसतात. त्यांच्या अडचणी निराळ्या असतात. हिंदीत नपुंसकलिंग नाही आणि 'किताब' स्त्रीलिंगी आहे, म्हणून हिंदी घरातले मूल 'माझी पुस्तक' म्हणते. इंग्रजी वातावरणात वाढलेले मूल क्रियापद आधी आणून 'मी खाल्ली पोळी' म्हणते, किंवा 'घरात' ऐवजी 'घर मध्ये' असे शब्द सुटे ठेवते. या चुकांमागे तर्क असतो, आणि तो ओळखता आला तर नेमका खेळ सुचतो.

टिपताना एक भेद मात्र काटेकोरपणे पाळा. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी बोलणाऱ्या किंवा वारली, कोरकू, गोंडी घरातून आलेल्या मुलाची वाक्ये चुकांच्या रकान्यात टाकू नका. कोल्हापूरकडे मुलीही सहज 'मी आलो' म्हणतात. त्या बोलीचा तो नियमच आहे. अशा मुलांना 'तुझ्या घरी असे म्हणतात, पुस्तकात असे लिहितात' एवढे सांगावे आणि दोन्ही वाक्ये फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत. ज्या मुलाच्या घरच्या भाषेला वर्गात पहिल्याच दिवशी 'अशुद्ध' म्हटले जाते, ते मूल खेळातही तोंड उघडत नाही, आणि न बोलणाऱ्या मुलाला वाक्य शिकवण्याचा कोणताही उपाय माझ्या माहितीत नाही.

दुसरी पायरी : साहित्य आणि बसण्याची व्यवस्था

साहित्य बाजारातून आणण्याची गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला बालशिक्षणाचे जे काम उभे केले, ते भोवतालच्या बिया, पाने, शिंपले अशा वस्तूंच्या आधारावर. आपल्याला तर कागद आणि दोरीच हवी आहे. पाठकोऱ्या कागदांच्या किंवा जुन्या दिनदर्शिकेच्या पानांच्या लांब पट्ट्या कापा, जाड स्केचपेनने शेवटच्या बाकावरून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत एका पट्टीवर एकच शब्द लिहा, आणि वरच्या दोन कोपऱ्यांना भोके पाडून गळ्यात अडकवता येईल अशी दोरी ओवा. याशिवाय कपडे वाळत घालायचे पंधरा-वीस चिमटे, एक लांब सुतळी आणि खडू लागेल.

पट्ट्यांवरच्या लेखनाबद्दल एक सूचना, जी मला फार उशिरा सुचली. सुरुवातीच्या खेळांत नपुंसकलिंगी रूपे बोलण्यात येतात तशीच, म्हणजे 'पडलं', 'मोठं', 'माझं' अशी अनुस्वार देऊन लिहा. 'फळ पडले' आणि 'आंबे पडले' यांतली 'पडले' ही रूपे कागदावर सारखी दिसतात. एक एकवचनी, दुसरे अनेकवचनी. लहान मुलाचा येथे विनाकारण गोंधळ होतो. शुद्धलेखनाच्या नियमांनी बोलण्यातल्या भाषेसाठी अनुस्वाराची ही रूपे मान्य केलेलीच आहेत. चौथी-पाचवीत लिखित रूपांची ओळख करून देण्यास वेळ असतो.

शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक शाळेत 30 मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण धरले आहे, तेव्हा पुढचे सगळे तेवढ्या वर्गाचा विचार करून सांगतो. एका वेळी पाच-सहा मुले शब्द होऊन उभी राहतात. उरलेल्यांचे तीन गट करून त्यांना 'कान' नेमायचे. वाक्य कानाला बरोबर लागले तर गट एक टाळी वाजवतो, खटकले तर हात वर करतो आणि काय खटकले ते पूर्ण वाक्यात सांगतो. दर पाच मिनिटांनी शब्द बसतात आणि एका गटातली मुले त्यांच्या जागी येतात. प्रेक्षकांना काम दिले नाही, तर दहाव्या मिनिटाला वर्ग हातचा जातो आणि खेळ बदनाम होतो.

तिसरी पायरी : आज्ञेच्या चिठ्ठ्या

पहिल्या दिवशी याच खेळाने सुरुवात करा. मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीत हा पूर्वीपासून आहे. त्या 1939 मध्ये भारतात आल्या आणि मद्रासजवळच्या अड्यारला व कोडाईकनालला त्यांनी शिक्षकांना प्रशिक्षण दिले. डब्यात चिठ्ठ्या ठेवायच्या: 'खिडकी उघड', 'दोनदा उडी मार', 'खडू टेबलावर ठेव', 'दाराला हात लावून ये'. मूल चिठ्ठी मनात वाचते, न बोलता कृती करते, आणि बाकीच्यांनी चिठ्ठीत काय लिहिले असेल ते पूर्ण वाक्यात ओळखायचे.

सात-आठ चिठ्ठ्या झाल्यावर, काही न सांगता, क्रियापद नसलेली चिठ्ठी टाका: 'खडू टेबलावर'. मूल खडू हातात घेते, टेबलापर्यंत जाते आणि थांबते. काही मुले खडू ठेवतात, काही उचलतात, एखादे टेबलावर खडूने रेघ मारते. मग विचारा, 'चिठ्ठीत काय राहिले?' मुलांनी 'ठेव' किंवा 'उचल' हे स्वतः सांगितले, की त्या शब्दाभोवती लाल गोल काढा. माँटेसरी यांच्या चिन्हांत क्रियापदासाठी लाल गोल आणि नामासाठी काळा त्रिकोण आहे, आणि ही दोन चिन्हे उसनी घेण्यासारखीच आहेत, कारण गोल घरंगळतो आणि त्रिकोण बसून राहतो हे मुलांना लगेच पटते. आज नाव सांगू नका. 'लाल गोलाचा शब्द' एवढेच म्हणा.

चौथी पायरी : चालते वाक्य

आता पाच मुलांच्या गळ्यात पाच पट्ट्या: 'ताईने', 'काल', 'बाजारातून', 'पेरू', 'आणले'. त्यांना फळ्यासमोर कसेही उभे करा आणि कानांना सांगा, की वाक्य नीट लावा. मुले बहुधा 'ताईने काल बाजारातून पेरू आणले' किंवा 'काल ताईने बाजारातून पेरू आणले' असे लावतात. दोन्ही बरोबर आहेत, आणि येथेच 'एकच उत्तर बरोबर' ही सवय मोडायची आहे. आणखी कसे लावता येईल ते विचारा. प्रत्येक रचनेला कोणता प्रश्न विचारला असता हे वाक्य उत्तर झाले असते, असा पुढचा प्रश्न घाला. 'पेरू काल बाजारातून ताईने आणले' हे वाक्य 'पेरू कोणी आणले?' या प्रश्नाला शोभते. मुलांना हळूहळू दिसू लागते, की मराठीत शब्दांना हिंडण्याची मोकळीक आहे, पण क्रियापदाच्या अगदी अलीकडची जागा मानाची आहे. तेथे जो उभा राहतो त्याच्यावर जोर येतो.

मग सहावे मूल आणा, त्याच्या गळ्यात 'पिकलेले'. हे मूल कोठेही उभे राहू शकत नाही. 'पिकलेले ताईने काल बाजारातून पेरू आणले' ऐकल्यावर कान हात वर करतात. 'पिकलेले' पेरूचा हात धरूनच फिरते, पेरू जाईल तेथे जाते. तिसरीतल्या मुलांना मी विशेषणाची व्याख्या सांगत नाही. 'हात धरणारा शब्द' असे म्हणतो, आणि वर्षभर त्यांना ते पुरते.

इंग्रजी वातावरणातल्या मुलांच्या वर्गात हा खेळ सलग दोन-तीन तासिका घ्यावा. क्रियापद शेवटी येते हे त्यांच्या कानाला सवयीनेच कळेल.

पाचवी पायरी : एक हलला की कोण कोण हलते

माझ्या मते हा सर्वांत मोलाचा खेळ आहे, म्हणून यावर घाई करू नये. वाक्य असे: 'माझा मोठा लाल चेंडू हरवला.' पाच मुले, पाच पट्ट्या. बाजूला टेबलावर बदली पट्ट्या ठेवा: माझी, माझं, माझे, माझ्या, मोठी, मोठं, मोठे, मोठ्या, हरवली, हरवलं, हरवले, हरवल्या, आणि 'लाल' सुद्धा चार वेळा लिहून ठेवा. हे मुद्दाम करायचे आहे.

आता 'चेंडू' काढून त्या मुलाला 'टोपी' द्या. वाक्य मोठ्याने वाचायचे: 'माझा मोठा लाल टोपी हरवला.' सगळा वर्ग हसतो. ज्यांना आपली पट्टी खटकते त्यांनी टेबलाकडे धावत जाऊन नवी पट्टी घ्यायची आणि जागेवर यायचे. 'माझा' धावतो, 'मोठा' धावतो, 'हरवला' धावतो. 'लाल' धरून असलेले मूलही बहुतेक वेळा धावते, टेबलाशी जाते, तेथे 'लाल'च पाहते आणि गोंधळते. एका वर्गात अशीच एक मुलगी तिन्ही वेळा टेबलापर्यंत जाऊन रिकाम्या हाताने परत आली आणि तिसऱ्यांदा रडवेली होऊन म्हणाली, 'मला कधीच बदलायला मिळत नाही.' मी उत्तर दिले नाही; वर्गालाच विचारले, की हिला बदलायला मिळेल असा रंग कोणता? मुलांनी पाच मिनिटांत फळ्यावर दोन रांगा केल्या: काळा, पिवळा, निळा, पांढरा, हिरवा, जांभळा एका बाजूला, लाल, गुलाबी, केशरी दुसऱ्या बाजूला. शेवटी 'आ' असलेले रंग बदलतात, हे शेवटच्या बाकावरच्या मुलाने सांगितले. ती मुलगी 'पिवळा' घेऊन पुन्हा उभी राहिली आणि टोपीबरोबर 'पिवळी' झाली. विकारी आणि अविकारी विशेषणांचा धडा तेथेच होऊन गेला.

टोपीनंतर दप्तर घ्या: 'माझं मोठं लाल दप्तर हरवलं.' त्यानंतर अनेकवचन: 'माझ्या मोठ्या लाल टोप्या हरवल्या', 'माझी मोठी लाल दप्तरं हरवली'. सर्वांत शेवटी चेंडू परत आणा आणि सांगा, की आता चेंडू तीन आहेत. 'माझे मोठे लाल चेंडू हरवले.' या वेळी चेंडूचे मूल जागचे हलत नाही, पण शेजारी धावतात. शब्द स्वतः बदलला नाही तरी तो एक की अनेक हे त्याच्या शेजाऱ्यांवरून कळते, ही गोष्ट मुलांना फार आवडते. त्यांना असे आणखी शब्द शोधून आणायला सांगा.

तीन कोपरे

वरचा खेळ अडला, म्हणजे मुलांना शब्दाचे लिंगच ठाऊक नाही असे दिसले, तर मध्येच दोन-तीन दिवस थांबून हा खेळ घ्यावा. वर्गाच्या तीन कोपऱ्यांत 'तो', 'ती', 'ते' लिहा. वस्तूचे नाव घेतले की मुले आपापल्या मताच्या कोपऱ्यात जातात आणि तेथून पूर्ण वाक्य म्हणतात: 'ते पुस्तक फाटलं.' नुसते कोपऱ्यात उभे राहणे पुरे नाही. वेळ, बाग, मजा असे एकाहून अधिक लिंगांत चालणारे शब्द पहिल्या आठवड्यात टाळा. 'पेन' मात्र मुद्दाम घ्या. काही मुले 'तो पेन' कडे जातील, काही 'ते पेन' कडे, आणि बाहेरून आलेल्या शब्दाला भाषा आपल्यात कशी बसवून घेते यावर मुले स्वतःच बोलू लागतील.

सहावी पायरी : चिमट्यांचा खेळ

मराठी शिकणाऱ्या मुलाला सर्वांत जास्त छळते ते सामान्यरूप. शब्दाला प्रत्यय लागण्यापूर्वी तो वाकतो: घोडा, पण घोड्याला, शाळा, पण शाळेत, पाऊस, पण पावसात, मूल, पण मुलाला, ससा, पण सशाला, देऊळ, पण देवळात. पट्टीच्या पुढच्या बाजूला 'पाऊस' आणि मागच्या बाजूला 'पावसा' लिहा. चिमट्यांवर कागदाचे तुकडे चिकटवून 'ला', 'ने', 'त', 'चा', 'वर', 'साठी' असे लिहा. नियम एकच: चिमटा लावायचा असेल तर पट्टी उलटायची, आणि लगेच वाक्य म्हणायचे. 'आम्ही पावसात भिजलो.'

पहिल्या दिवशी पट्ट्यांच्या मागची बाजू तुम्ही लिहा. दुसऱ्या दिवसापासून ती कोरी ठेवा आणि मुलांना ठरवू द्या. गटात वाद झाला की दोन्ही रूपे मोठ्याने म्हणून पाहायला सांगा. ज्या घरांत मराठी बोलली जाते तेथल्या मुलांचे कान बहुधा बरोबर निवडतात, आणि इतर मुले त्यांच्याकडून ऐकतात. एका तासिकेत एकाच घडणीचे शब्द घ्यावेत: आज घोडा, आंबा, दिवा, डबा, उद्या शाळा, भाषा, माळ, वीट, परवा पाऊस आणि कापूस. सगळे एकत्र ओतले तर खेळ नुसत्या अंदाजांचा होतो. बस, मोबाईल यांसारखे शब्द मात्र आपला आकार फारसा बदलत नाहीत. 'बसमध्ये', 'मोबाईलवर' असे सरळ चिमटे लागतात, आणि थकलेल्या मुलांना शेवटच्या पाच मिनिटांत ते दिले की त्यांना हुरूप येतो.

सातवी पायरी : काल, आज, उद्या आणि एक सुतळी

हा खेळ तिसरीच्या शेवटी किंवा चौथीत घ्यावा. जमिनीवर खडूने तीन मोठी वर्तुळे काढा: काल, आज, उद्या. एक मुलगा आणि एक मुलगी जोडीने उड्या मारतात आणि 'पोळी खाणे' यावर वाक्ये म्हणतात. 'उद्या' मध्ये दोघेही 'मी पोळी खाईन' म्हणतात. 'आज' मध्ये मुलगा 'मी पोळी खातो' आणि मुलगी 'मी पोळी खाते' म्हणते. 'काल' मध्ये मात्र दोघेही 'मी पोळी खाल्ली' म्हणतात. मुलगा 'खाल्ला' म्हणत नाही. वर्गाला विचारा, 'हा मुलगा आहे, तरी याने खाल्ली असे का म्हटले?'

उत्तरासाठी पदार्थ बदला. भात खाल्ला, केळं खाल्लं, पोहे खाल्ले. आता सुतळी आणा. क्रियापदाची पट्टी घेतलेले मूल सुतळीचे एक टोक धरते, आणि क्रियापद ज्याचे ऐकते त्याच्या हातात दुसरे टोक द्यायचे. 'आज' च्या वर्तुळात सुतळी बोलणाऱ्याकडे जाते. 'काल' च्या वर्तुळात ती पोळीकडे जाते. 'उद्या' मध्ये 'खाईन' हे मी-कडे जाते, पण मी मुलगा की मुलगी हे विचारत नाही. पाच मिनिटे ही सुतळी इकडून तिकडे फिरली, की 'क्रियापद कोणाचे ऐकते?' हा प्रश्न वर्गाच्या तोंडी बसतो, आणि पुढे निबंध तपासताना चुकलेल्या शब्दाखाली लाल रेघ मारण्याऐवजी समासात एवढा प्रश्न लिहिला तरी मूल आपली चूक आपण दुरुस्त करते.

येथे शिक्षकाने आधी घरी तयारी केलीच पाहिजे. भूतकाळातही काही क्रियापदे कर्त्याचेच ऐकतात: मी नाव विसरलो, ती मराठी शिकली, तो काय बोलला, मी दूध प्यालो. ही क्रियापदे पहिल्या दोन आठवड्यांत वर्तुळात येऊ देऊ नका. खाणे, पाहणे, वाचणे, लिहिणे, आणणे, कापणे, उचलणे एवढी पुरेत. एखाद्या मुलानेच 'पण सर, मी धडा शिकलो असे का म्हणतो?' असे विचारले, तर त्याला शाबासकी द्या आणि 'हट्टी क्रियापदे' अशी एक यादी भिंतीवर लावून तिच्यात 'शिकणे' हे पहिले लिहा. यादी वर्षभर वाढत जाते.

पाचवीत एक पाऊल पुढे टाका. 'दादाने मांजर पाहिलं', 'दादाने गाय पाहिली', 'दादाने बैल पाहिला' ही वाक्ये सुतळीने जोडून झाल्यावर गायीला चिमट्यांच्या खेळातला 'ला' लावा. 'दादाने गायीला पाहिलं', 'दादाने बैलाला पाहिलं', 'दादाने गायींना पाहिलं.' क्रियापद आता कोणाचेच ऐकत नाही. सुतळीचे दुसरे टोक कोणाच्या हातात द्यायचे हे मुलांना कळेनासे होते, आणि शेवटी कोणीतरी ते जमिनीवर सोडून देते. ते जमिनीवर पडलेले टोक मुलांना नीट पाहू द्या.

वाक्य वाढवण्याचा खेळ मुलांना बहुधा ठाऊकच असतो, म्हणून त्यावर थोडक्यात. 'आई आली' पासून सुरू करून प्रत्येकाने आधीच्या वाक्याला एक प्रश्न विचारायचा, आणि पुढच्याने त्याचे उत्तर वाक्यात घालून सगळे वाक्य पुन्हा म्हणायचे: कोणाची आई, केव्हा, कोठून, कशी? 'माझी आई काल संध्याकाळी बाजारातून भिजत आली.' आठ-नऊ शब्दांवर थांबावे. त्यापुढे तो स्मरणशक्तीचा खेळ होतो. विरामचिन्हांसाठीही हेच वाक्य घ्यावे: 'आई आली.', 'आई आली?', 'आई आली!' हे एका मुलाने आवाजाने म्हणायचे आणि दुसऱ्याने चिन्हाची पट्टी उचलायची. दहा मिनिटे पुरतात.

आठवी पायरी : चुका, गुण आणि वही

चुकणाऱ्याला बाद करणारे खेळ व्याकरणाच्या तासाला घेऊ नयेत, हे मी आग्रहाने सांगतो. बाद होऊन कोपऱ्यात बसणारे मूल तेच असते ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज आहे, आणि जो शेवटपर्यंत टिकतो त्याला ते आधीच येत असते. गुण द्यायचेच असतील तर गटाला द्या, आणि चूक शोधून ती पूर्ण वाक्यात दुरुस्त केल्याबद्दलही द्या. मूल 'माझी पुस्तक हरवली' म्हणाले, तर 'चूक' असे न म्हणता 'अरे, तुझं पुस्तक हरवलं? कोठे हरवलं?' असे सहज विचारा. त्याला बरोबर वाक्य दोनदा ऐकायला मिळते आणि बोलणेही तुटत नाही. तीच चूक वर्गातल्या पाच-सहा मुलांकडून ऐकू आली, तर ती वहीत टिपून पुढच्या आठवड्याच्या पट्ट्यांवर आणा.

तासिका 35 मिनिटांची असेल तर खेळ 20 मिनिटांतच संपवा. मुले 'अजून एकदा' म्हणत असतानाच थांबलेले बरे. उरलेल्या वेळात प्रत्येकाने खेळातली दोन वाक्ये आणि स्वतःचे एक नवे वाक्य वहीत लिहायचे. हे लेखन वगळले तर खेळ खेळच राहतो. मी सुरुवातीच्या वर्षी ते वगळले होते, आणि तोंडाने अचूक बोलणाऱ्या मुलांच्या वह्यांत डिसेंबरमध्येही तीच लिंगवचनाची गडबड दिसत होती. स्वतःचे एक वाक्य लिहायला लावल्याने आणखी एक फायदा होतो: कोणाच्या घरी काय चालले आहे, कोणाचे कोकरू मेले, कोणाची आजी गावाहून आली, हे कळते, आणि पुढच्या पट्ट्यांसाठी मुलांच्या जगातले शब्द मिळतात.

संज्ञा सर्वांत शेवटी द्याव्यात. लाल गोलाचा शब्द, हात धरणारा शब्द, वाकणारा शब्द, हट्टी क्रियापदे ही नावे मुलांनी एक-दोन वर्षे वापरली, की 'याला मोठ्या पुस्तकात विशेषण म्हणतात' एवढे एक वाक्य पुरते. पट्ट्या, चिमटे आणि सुतळी फेकू नका. खोक्यावर इयत्ता लिहून कपाटात ठेवा. वरच्या वर्गात कर्तरी, कर्मणी आणि भावे प्रयोगाचा धडा येईल त्या दिवशी तीच सुतळी बाहेर काढा, तीन वाक्ये उभी करा, आणि सुतळी कर्त्याकडे गेली, कर्माकडे गेली, जमिनीवर पडली, की त्या त्या वेळी फळ्यावर त्या प्रयोगाचे नाव लिहा.